रेडक्रॉस नाईटची गोष्ट मुलांना सांगताना: शिलेदार म्हणू की आणखी काही?

बावखल

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घरी संध्याकाळची रोझरी झाली की जेवणाआधी अर्धा तास गोष्टीचा. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठचा. या उपवासकाळात एडमंड स्पेन्सरच्या 'द फेअरी क्वीन'चा पहिला भाग त्यांना मराठीत सांगायचा असं मी ठरवलं. पहिले तीन भाग १५९० साली आले, १५९६ला सहा झाले. बेत बारांचा होता, तो पुरा झालाच नाही. नऊ-नऊ ओळींची कडवी, आणि इंग्रजी स्पेन्सरच्या स्वतःच्या काळालाही जुनी वाटावी अशी मुद्दाम घडवलेली. मुलं झोपली की मी एक सर्ग वाचते आणि दुसऱ्या दिवशी माझ्या शब्दांत सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ढालीवर लाल क्रूस असलेला एक तरुण घोडेस्वार माळावरून चाललाय, हाच रेडक्रॉस नाईट. शेजारी ऊना, पांढऱ्या गाढवावर, काळं वस्त्र पांघरलेली, दोरीला एक कोकरू. मागे सामानाची पिशवी घेऊन रखडणारा बुटका. ऊनाच्या आईवडिलांना एका ड्रॅगनने कोंडून ठेवलंय, त्यांना सोडवायला निघालेत. वाटेत रान लागतं, रानात गुहा, गुहेत अर्धी बाई अर्धी नागीण. तिच्या तोंडातून पुस्तकं आणि कागद ओकले जातात, त्यात आंधळे बेडूक. हे ऐकून माझा मुलगा पलंगावर उभाच राहिला.

आता अडचणी.

पहिली, शब्दाची. नाईटला काय म्हणू? 'सरदार' म्हटलं की दरबार आणि जहागीर आठवते. 'वीर' फारच ढोबळ. म्हणून 'शिलेदार' घेतला. पण पहिल्याच कडव्यात कवी सांगतो की चिलखतावर जुन्या लढायांचे पोचे आहेत आणि या पोराने तर आजवर शस्त्रच धरलेलं नाही. मुलगी लगेच म्हणाली, "मग पोचे कुणाचे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी अडचण मोठी आहे. पहिल्या रात्री मी उत्साहाने सगळा अर्थ सांगून टाकला. ऊना म्हणजे सत्य, ती नागीण म्हणजे भ्रम, नाईट म्हणजे पावित्र्याच्या वाटेवरचा माणूस. मुलगा गप्प झाला आणि म्हणाला, "म्हणजे ती नागीण नव्हतीच?" दुसऱ्या दिवशी त्याने गोष्ट मागितली नाही. मला फार वाईट वाटलं. रूपककथा मुलांना सांगताना अर्थ सांगावा का? कधी सांगावा?

तिसरी अडचण आमची, कॅथलिकांची. ती नंतर लिहीन.

रानवारा

बावखलताई, मी वारकरी घरातला. ही गोष्ट आज तुमच्यामुळे पहिल्यांदा कळली, पण तुमची अडचण ओळखीची आहे.

आधी शब्द. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. ते घेऊन तो चाकरीला येतो. ज्याच्याकडे यातलं काही नाही, ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो, तो बारगीर. तुम्ही सांगताय त्यावरून तुमचा रेडक्रॉस शिलेदार नाही, पक्का बारगीर आहे. चिलखत दुसऱ्याचं, काम धन्याचं.

आता अर्थाचं. नाथांचं विंचवाचं भारूड लहानपणी गावच्या देवळात बघितलंय. सोंग घेतलेला माणूस अंगणभर लोळतो, ओरडतो, पोरं हसून हसून पडतात. 'काम क्रोध विंचू चावला' हे शब्द कानावरून जातात, पण सहा वर्षांच्या पोराला फक्त विंचू दिसतो. मला काम-क्रोध कळले ते विसाव्या वर्षी, आणि तेव्हा तो लोळणारा माणूसच डोळ्यांपुढे आला. आधी मला कुणी बसवून अर्थ शिकवला असता, तर लक्षात ठेवायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं. विंचू आधी चावू द्या.

तुकोबांची ओळ तर तुमच्या नाईटसाठीच लिहिल्यासारखी आहे: 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन ॥'

नगरकर_मास्तर

बावखलताई, मुलीच्या प्रश्नाचं उत्तर खुद्द स्पेन्सरने देऊन ठेवलंय. सर वॉल्टर रॅलेला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की परींच्या राणीच्या दरबारात एक उंच, गावंढळ तरुण येऊन जमिनीवर बसतो आणि कामगिरी मागतो. तेवढ्यात ऊना येते, तिच्यासोबत चिलखत आणि घोडा. ती स्पष्ट सांगते, हे चिलखत तुला बसलं तरच तुझ्या हातून काम होईल. आणि चिलखत कोणतं? प्रेषित पौलाने इफिसकरांस पत्रात सहाव्या अध्यायात सांगितलेलं. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. म्हणजे पोचे कुणाचे, तर ज्यांनी ज्यांनी आजवर ते अंगावर घातलं त्या सगळ्यांचे. बारगीर शब्द मला फार आवडला, रानवारा.

अर्थाबाबत मात्र माझं मत वेगळं आहे. मी नगरला शाळेत इंग्रजी शिकवलं आणि चाळीस वर्षं चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलांना गोष्टी सांगितल्या. भारूड पाहणाऱ्या पोराभोवती गाव असतं, कीर्तन असतं, तो अर्थ हळूहळू अंगात मुरतो. आपल्या पोरांच्या कानावर ही गोष्ट एकदाच पडणार. अर्थ अजिबात दिला नाही, तर नाईट आणि ड्रॅगन मोबाईलच्या खेळातही असतातच, हा त्यातलाच एक होऊन बसेल. फक्त आपण सांगायच्या ऐवजी विचारावं, आणि एका रात्री एकच प्रश्न. "चिलखत काढून बसला तेव्हा काय झालं?" बस.

जॉन बनियनचं 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हे पुस्तकही जरूर घ्या. १६७८चं, तुरुंगवासातलं लेखन. हरि केशवजींनी ते 'यात्रिकक्रमण' नावाने १८४१ सालीच मराठीत आणलं, म्हणजे ही परंपरा आपल्या भाषेत जुनी आहे. त्यात यात्रेकरूला शस्त्रागारातून चिलखत मिळतं. पुढे दरीत राक्षस आडवा येतो. पळावं का, असा विचार त्याच्या मनात येतो आणि तेव्हा त्याच्या ध्यानात येतं की या चिलखताला पाठीचा भागच नाही. पाठ दाखवली तर मेलो. उभं राहणंच शहाणपणाचं. मुलांना हे एकदा सांगा, आयुष्यभर विसरत नाहीत.

आणि १६८४चा दुसरा भाग तर कुटुंबासाठीच आहे. त्या यात्रेकरूची बायको आणि चार मुलगे त्याच वाटेने निघतात, आणि त्यांच्यासोबत वाट दाखवायला ग्रेटहार्ट नावाचा चिलखतधारी. दैत्यांशी लढतो आणि लहान पोराची चालही सांभाळतो. नाईट कसा असावा हे मला त्याच्यात जास्त दिसतं.

निशिगंध

धागा मनापासून वाचतेय. माझी लेक दहा वर्षांची आहे, अभ्यासात थोडं चुकलं की स्वतःला फार बोल लावते. मास्तर म्हणतात ते एक प्रश्न विचारणं पटलं.

पण मी या काव्याचं एक सोपं इंग्रजी गद्य रूपांतर वाचलंय आणि त्यातल्या 'निराशे'च्या गुहेपाशी थांबले. तिथे निराशा नावाचा म्हातारा नाईटला त्याच्या सगळ्या चुका मोजून दाखवतो आणि शेवटी हातात सुरी देतो. हे मुलांना कसं सांगायचं? सांगायचंच का?

दुसरं, गोष्टीत मुली फक्त गाढवावर बसून वाट बघणार असतील तर माझ्या लेकीला ती आवडणार नाही.

बावखल

निशिगंध, परवाच आम्ही त्या गुहेपाशी आलो. मी तो सर्ग तीन वेळा वाचला.

धाकट्याला मी सुरी सांगितली नाही. म्हातारा गोड गोड बोलून नाईटला "तू आता इथेच पडून राहा, काही उपयोग नाही" असं पटवतो, इतकंच सांगितलं. मोठीला सगळं सांगितलं, कारण त्या म्हाताऱ्याची लबाडी तिला कळावी असं मला वाटत होतं. तो खोटं बोलतच नाही! नाईटने ऊनाला सोडलं हे खरं, डुएसा नावाच्या कपटी जादूगारणीच्या नादी लागला हे खरं, देव न्यायी आहे हेही खरं. तो शास्त्रातलाच अर्धा भाग सांगतो आणि दया गिळून टाकतो. नाईटचा हात थरथरायला लागतो. मग ऊना पुढे होते, सुरी हिसकावून फेकते आणि त्याला चांगली रागावते. तिचं म्हणणं थोडक्यात असं की देवाच्या दयेत तुझाही वाटा आहे, न्याय जिथे आहे तिथे कृपा त्याहून मोठी आहे, ऊठ.

म्हणजे गाढवावरची मुलगी नुसती वाट बघत नाही, निशिगंध. नाईट पहिल्यांदा जिंकतो, तेही ऊनाने "बळाला विश्वासाची जोड दे" असं ओरडून सांगितल्यावर. चिलखत तिनेच आणलं. तो कैदेत पडल्यावर मदत तिनेच आणली. मधल्या काळात एक सिंह तिला खायला धावतो आणि तिचे हात चाटायला लागतो. आमच्या घरी सध्या सगळ्यात लाडका तो सिंहच. शिवाय तिसऱ्या भागाची नायिका ब्रिटोमार्ट स्वतः नाईट आहे, आणि भले भले तिच्यापुढे घोड्यावरून खाली येतात.

लेक स्वतःला बोल लावते म्हणालात, म्हणून मुद्दाम सांगते. माझी मुलगी दुसऱ्या दिवशी गणिताच्या वहीवर डोकं टेकून बसली होती. मी काही बोलणार तोच म्हणाली, "मम्मी, म्हातारा आलाय." आम्ही दोघींनी मिळून त्याला हाकललं. मी तिला अर्थ सांगितला नव्हता.

रानवारा

मास्तर, बघा. विंचू चावला!

नगरकर_मास्तर

चावला खरा. पण म्हातारा कुठली गोष्ट सांगतो आणि कुठली गाळतो, हे आईने तिच्यापुढे ठेवलं होतं हेही विसरू नका. आपण दोघेही थोडे थोडे बरोबर आहोत.

कॉर्कवासी

मी आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यात नोकरीला आहे. हा धागा वाचून गप्प राहवेना.

इथून फार दूर नाही, डोनरेलजवळ, दलदलीच्या काठी किलकोल्मन किल्ल्याचा पडका बुरूज आहे. स्पेन्सर तिथे राहायचा. या काव्याचा मोठा भाग त्याने आयर्लंडमध्ये लिहिला. ती जमीन बंडात पडलेल्या आयरिश सरदाराची, जप्त करून इंग्रजांना वाटलेली. स्पेन्सर लॉर्ड ग्रेचा सचिव होता. त्या ग्रेच्या फौजेने १५८०मध्ये स्मेरिकला शरण आलेल्या शेकडो सैनिकांची कत्तल केली. पाचव्या भागातला न्यायाचा नाईट आर्टेगल या ग्रेवरून बेतलेला मानतात. त्याच्यासोबत टॅलस नावाचा लोखंडी माणूस आहे, लोखंडी झोडपणी घेऊन लोकांना मळणीसारखा झोडपत जातो. आणि स्पेन्सरने आयर्लंडच्या स्थितीवर जे गद्य लिहिलं, त्यात उपासमारीने लोक कसे रांगत रानातून बाहेर आले हे लिहून पुन्हा तसंच कठोर धोरण सुचवलंय. १५९८मध्ये बंडखोरांनी किलकोल्मन जाळला, तो लंडनला पळाला आणि १५९९च्या जानेवारीत वारला.

माझ्या इथल्या आयरिश शेजाऱ्यांपुढे मला हे काव्य कौतुकाने वाचता येणार नाही. पावित्र्याची गोष्ट सांगणारा माणूस शेजारच्या गावाची भूक असा बघू शकतो, हे मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. आठ वर्षांच्या पोराला नको, पण बारा वर्षांच्या मुलीला जरूर सांगा.

बावखल

कॉर्कवासी, हे मला माहीत नव्हतं. दोन दिवस डोक्यातून गेलं नाही, म्हणून उत्तर उशिरा देतेय.

माझी तिसरी अडचण याच्याच जवळची होती. तिसऱ्या सर्गात एक आंधळी म्हातारी आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात बसून रोज नऊशे वेळा 'आमच्या स्वर्गातील बापा' आणि त्याच्या तिप्पट वेळा 'नमो मरिये' म्हणणारी. ही आमच्या रोझरीची चेष्टा आहे. डुएसाला लाल वस्त्र, तिहेरी मुकुट आणि सात डोक्यांचा पशू दिलाय. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं हे चित्र त्या काळचे इंग्रज प्रॉटेस्टंट रोमवर चिकटवत. आणि मी हे वाचते ते रोझरी संपवून, सासूबाईंच्या माळेने, जिचा एक मणी तुटल्यावर त्यांनी तिथे साधं बटण ओवलंय. ते पान वाचताना मला दुखलं.

पण हाच कवी दहाव्या सर्गात थकलेल्या नाईटला पावित्र्याच्या घरी नेतो, तेव्हा तिथे काय आहे? उपवास आहे, गोणपाट आणि राख आहे, प्रायश्चित्त आहे. श्रद्धा, आशा आणि प्रीती या तीन बहिणी आहेत, प्रीतीच्या अंगाखांद्यावर पोरं खेळतायत. आणि सात भाऊ आहेत, भुकेल्याला जेवू घालणारा, उघड्याला वस्त्र देणारा, आजाऱ्याजवळ बसणारा, कैद्याला सोडवणारा, मेलेल्याला मूठमाती देणारा. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली दयेची कृत्येच ही. ज्या घराची त्याने चेष्टा केली, त्याच घरातून त्याने नाईटसाठी औषध आणलंय.

मुलीला मी दोन्ही सांगितलं. कॉर्कवासींचंही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याने स्वतःची गोष्ट नीट ऐकली नाही." टॅलस असलेला पाचवा भाग मी घरात सांगणार नाही, हे आता पक्कं आहे.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. नाईटच्या गोष्टी पोरांनी कशाला वाचायच्या, असं कुणी विचारलं तर मी येशूसंघ स्थापन करणाऱ्या संत इग्नेशियसचं नाव घेतो.

१५२१च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी नाईटांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्यांचं वेडच होतं. घरात नेमकी एकही निघाली नाही, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा हातात दिल्या. त्यांनी संतांनाही नाईटांसारखंच वाचलं, फ्रान्सिसने हे केलं तर मी का करू नये, असं. १५२२च्या मार्चमध्ये माँट्सेराटला मरियामातेपुढे रात्रभर उभे-गुडघ्यावर राहून तलवार आणि खंजीर तिथे ठेवून निघाले. नाईट होण्यापूर्वीच्या रात्री शस्त्रांपाशी जागरण करायची रीत होती, ती त्यांनी मोडली नाही, फक्त धनी बदलला. रानवारांचा बारगीर इथेही बसतो.

याच इग्नेशियसच्या येशूसंघातला एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, गोव्यात आला. साष्टीत राहून त्याने 'ख्रिस्तपुराण' ओव्यांत रचलं आणि ते १६१६ला रायतूरला छापलं. स्टीफन्स आणि स्पेन्सर एकाच पिढीतले इंग्रज! एकाने आयर्लंडमध्ये बसून इंग्रजीत नाईट लिहिला, दुसऱ्याने साष्टीतल्या लोकांच्या भाषेची आणि पुराणाच्या ओवीची शिकवणी धरली. मला दुसरा जवळचा वाटतो, गोव्यात त्या काळी काय काय घडलं हे माहीत असूनही.

हा रेडक्रॉस म्हणजे पुढे संत जॉर्जच ठरतो, म्हणून संत जॉर्जबद्दल एक छोटी भर. त्याच्या जुन्या हौतात्म्यकथांत ड्रॅगन नाहीच. तो कथेत पुष्कळ उशिरा आला आणि तेराव्या शतकातल्या 'सुवर्ण आख्यायिका' या संतकथासंग्रहाने युरोपभर पोचला.

निशिगंध

बावखलताई, "म्हातारा आलाय" आमच्याही घरात आला. मी लेकीला फक्त गुहेची गोष्ट सांगितली होती. आणखी काय आवडलं मुलांना? आमच्याकडे रोज रात्री अर्धाच तास मिळतो, निवडून सांगायचं आहे.

बावखल

निशिगंध, आमच्याकडे सगळ्यात चाललं ते गर्वाचं घर. विटा एकावर एक रचलेल्या, मध्ये चुनाच नाही. भिंती उंच पण पातळ, वर सोन्याचा वर्ख, पाया वाळूच्या टेकडीवर. मागची बाजू पडकी, ती रंग देऊन झाकलेली. धाकट्याने ठोकळे रचून ते केलं आणि फुंकर मारली. त्या घराच्या राणीच्या रथाला सहा जनावरं, प्रत्येकावर एक मंत्री: गाढवावर आळस, डुकरावर खादाडपणा, उंटावर लोभ, लांडग्यावर हेवा, सिंहावर राग. बोकडावरचा मी वगळला.

मग दैत्याची कैद. नाईट ओढ्याकाठी चिलखत उतरवून गारव्याला बसतो, तेवढ्यात दैत्य येतो. (मास्तरांचा प्रश्न तिथे विचारला. धाकटा म्हणाला, "गरम होत असेल ना पण." मला त्यावर काही बोलता आलं नाही.) तुरुंगाच्या किल्ल्या एका म्हाताऱ्याकडे असतात. त्याचं तोंड पाठीकडे फिरलेलं, काहीही विचारलं की एकच उत्तर, "मला सांगता येत नाही." हा आता आमच्याकडचा खेळ झालाय.

आणि नाव! डोंगरावरचा वृद्ध तपस्वी नाईटला दुरून स्वर्गीय यरुशलेम दाखवतो आणि तू कोण ते सांगतो. परीने तान्हं चोरून नांगराच्या तासात ठेवलं, ते एका शेतकऱ्याला सापडलं, त्याने वाढवलं, म्हणून नाव जॉर्ज. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ शेतकरी. मुलगी ताडकन म्हणाली, "सीतेसारखं!"

रानवारा

अंगावर काटा आला. शेतकऱ्याच्या घरचा पोर, मागून आणलेलं चिलखत. मराठीत याहून जवळचा नाईट शोधूनही मिळाला नसता.

नगरकर_मास्तर

शेवट सांगून झाला का? ड्रॅगनची लढाई तीन दिवसांची आहे, घाईत उरकू नका.

बावखल

काल संपवली, मास्तर. तीन रात्री घेतल्या, लढाईचा एक दिवस एका रात्री. पहिल्या संध्याकाळी तो ड्रॅगनच्या आगीने होरपळतो, तापलेलं चिलखतच अंगाला भाजतं, आणि मागे कोसळतो तो नेमका जीवनाच्या झऱ्यात. दुसऱ्या संध्याकाळी घसरतो तो जीवनाच्या झाडाखाली, चिकाच्या धारेत. दोन्ही वेळा पडूनच वाचतो. ऊना रात्रभर दूर उभी राहून प्रार्थना करते. तिसऱ्या सकाळी ड्रॅगन गिळायला तोंड उघडतो आणि तलवार आत जाते.

मग जे येतं ते मला सगळ्यात आवडलं. गावातले लोक भीत भीत बाहेर येतात. कुणी म्हणतं अजून जिवंत आहे, कुणी त्याची लांबी मोजतं, आणि एक लहान पोर जाऊन थेट ड्रॅगनच्या नखांशी खेळायला लागतं. त्याची आई अर्धमेली होऊन त्याला रागावते. माझा मुलगा म्हणाला, "तो मीच."

ऊनाशी वाङ्निश्चय होतो, वाजंत्री वाजतात. पण नाईट थांबत नाही. परींच्या राणीची सहा वर्षांची चाकरी बाकी असते, ती करायला तो परत निघतो. मुलगा रुसला, हे चूक आहे म्हणाला. मुलीने त्याला समजावलं, "अरे, बारगीर आहे तो. घोडा त्याचा नाहीये."

उद्यापासून ग्रेटहार्ट सुरू करतेय. मास्तर, त्याच्यासाठी मराठी नाव सुचवा.